मामांची रोजची चूक

आमच्याकडे मामांची चूक सापडल्याशिवाय सकाळचा चहा मिळत नाही.

हे मी घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "हे कसलं ऑफिस गं?" तिचं बरोबर आहे, कारण आम्हाला ऑफिस नाहीच. आम्हाला गच्ची असते, आणि तीही काही आठवड्यांनी बदलते. काचेच्या उंच इमारती बाहेरून धुवायच्या, हे आमचं काम. गच्चीवरून दोर सोडायचे, त्यांना लटकून हळूहळू खाली यायचं आणि येता येता काच पुसायची. सदाशिव पेठेत वाढलेल्या, एम.कॉम. झालेल्या मुलीनं हे का करावं, हे कोडं आईला अजून सुटलेलं नाही. शेजारच्या काकू विचारतात तेव्हा ती सांगते, "आमची स्पृहा कॉर्पोरेटमध्ये असते." खोटं काही नाही त्यात. कॉर्पोरेटच्या बाहेरच्या अंगाला असते, एवढंच.

कॉलेजात असताना मी सिंहगडाच्या कड्यांवर दोर लावून उतरायला शिकले. तिथे पुष्कर आमचा सीनियर होता. पुढे त्यानं ही कंपनी काढली आणि मला बोलावलं. म्हणाला, "कडाच आहे असं समज, फक्त याला खिडक्या आहेत." मी तसं समजले आणि आले.

दोरावर आम्ही चौघं. मी, माऊली, सुदर्शन आणि वैजनाथमामा. माऊली हिंगोलीकडचा, सुदर्शन परभणीचा. दोघं धायरीत एका खोलीत राहतात आणि भाजी कुणी करायची यावरून रोज भांडतात. मामा परळीकडचे. तरुणपणी पुण्यात आले ते बांधकामावर परांच्या बांधायला. म्हणजे हे शहर वर चढत होतं तेव्हा मामा त्याच्याबरोबर वर चढले, आणि आता त्याच इमारतींची तोंडं पुसायला दोरावरून खाली येतात. त्यांच्या केसांत काळा उरलेला नाही. पण दोरावर बसले की ते असे सैल, निवांत बसतात की खालून बघणाऱ्याला वाटावं, गावाकडच्या पारावर बसलेत.

काचेपाशी लटकलेल्या माणसाला दिवसाढवळ्या स्वप्नं पडतात, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. वर आवाज फारसा पोचत नाही. हॉर्न ऐकू येतात, पण दुसऱ्या कुठल्यातरी गावातून आल्यासारखे. घारी आपल्या पायांखालून जातात. समोर काचेत आकाश असतं, ढग असतात, आणि आपण रबरी पट्टी फिरवून ते आकाश पुसत असतो. त्याच्या मागे, खोल आत, माणसं टेबलांशी बसलेली दिसतात. ती बोलतात, हसतात, चिडतात, आणि यातलं काहीच आपल्याला ऐकू येत नाही. मग डोळे कधी आतल्या माणसांवर असतात, कधी बाहेरच्या ढगांवर, आणि दोन्ही एकमेकांत मिसळून जातात.

मामांच्या काचेत त्यांचं गावाकडचं तळं यायचं.

"आज काय आलं मामा?" आम्ही जेवताना विचारायचो. लोक पेपरातल्या बातम्या विचारतात तसं.

"आज तळं भरलेलं व्हतं," मामा सांगायचे. "थोरला भाऊ म्हशी धुवायला उतरला व्हता. एक बगळा निस्ता उभा. मी पट्टी फिरवली तरी हलंना."

हे सांगत सांगत ते दुर्गामामींनी दिलेली दशमी आमच्यात वाटायचे. दुर्गामामी म्हणजे त्यांची बायको. शेंगदाण्याची चटणी आम्हा सगळ्यांना पुरेल एवढी त्या रोज देतात आणि डबा धुतल्याशिवाय परत पाठवला तर दुसऱ्या दिवशी चटणी देत नाहीत. मी मामांची स्वप्नं ऐकताना आधी हसायचे. मग एकदा मला काचेत माझे बाबा दिसले. लक्ष्मी रोडवरून छत्री घेऊन चालले होते, ऊन असताना. ते गेल्याला बरीच वर्षं झाली. मी हातातली पट्टी तशीच धरून राहिले, कारण फिरवली असती तर ते पुसले गेले असते. त्या दिवसापासून मी मामांना हसले नाही.

तर ही मामांची चूक.

आम्ही एकत्र काम सुरू केलं तेव्हाची गोष्ट. पुष्करनं नुकताच 'सुरक्षा प्रथम' असा मोठा फलक छापून आणला होता. तो गच्चीच्या कठड्याला लावला आणि त्याच दिवशी वाऱ्यानं उडाला, कारण कुणी नीट बांधलाच नव्हता. अशी आमची सुरक्षा होती. एकमेकांच्या अंगावरचे, दोराला अडकवायचे पट्टे तपासायचे असा नियम होता, आणि आम्ही तरुण मंडळी एकमेकांचे तपासायचोही. फक्त मामांचे कुणी तपासायचे नाहीत. म्हणजे असं कुणी ठरवलं नव्हतं. पण ज्यानं आपल्याला गाठ मारायला शिकवलं, त्याच्या गाठीला हात लावून बघायचा? माऊली तर दोरावर बसण्याआधी मामांच्या पाया पडायचा. जिथे डोकं टेकवायचं तिथलं बक्कल ओढून बघायचं, हे त्याच्या हातून होणारच नव्हतं.

एका सकाळी मामा कठड्यावर बसले, एक पाय पलीकडे टाकला आणि थांबले. स्वतःच्या कमरेशी हात नेला. वजन पेलणारा लाल दोर ज्या हुकात अडकतो, त्या हुकाचं तोंड उघडं होतं. त्यांनी ते बंद केलं, पाय अलीकडे घेतला आणि आमच्याकडे वळले.

"हे उघडं व्हतं. कुणी बघिटलं?"

माऊली गप्प राहिला. सुदर्शन गप्प राहिला. मी, सदाशिव पेठेची, जिला रिक्षावाल्यापासून प्राचार्यांपर्यंत कुणालाही तोंडावर बोलायला कधी अडचण आली नाही, तीही गप्प राहिले.

शेवटी माऊली म्हणाला, "मामा, मी बघिटलं. मला वाटलं, तुमचं कायतरी कारण असंल."

"कारण न्हवतं. चूक व्हती," मामा म्हणाले. "तिघांनी बघिटलं ना? तिघं मिळून मला मरू देत व्हता. मोठा मान दिलात."

ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते नुसतं बोलले, आणि मला रडू आलं.

दुसऱ्या दिवसापासून हा खेळ सुरू झाला. मामा रोज सकाळी स्वतःच्या अंगावर एक चूक ठेवायचे, कठड्यापासून चांगलं आत, गच्चीच्या मधोमध. कधी एखादं बक्कल उलटं, कधी पट्ट्याला पीळ. मग हात पसरून उभे राहायचे आणि म्हणायचे, "बघा रे." आम्ही त्यांच्याभोवती फिरायचं. ज्याला सापडेल त्यानं त्यांच्या तोंडावर म्हणायचं, "मामा, चुकलात." पुटपुटायचं नाही, मोठ्यानं. त्यावर मामांचं ठरलेलं उत्तर असायचं, "बरं केलंस." मग माऊली थर्मास उघडायचा.

माऊलीला ते दोन शब्द म्हणायला किती जड गेले, ते मी पाहिलंय. पहिल्यांदा म्हणाला आणि लगेच मामांच्या पाया पडला. सुदर्शननं एकदा घाईत चुकीचंच सांगितलं, पट्टा नीट असताना वाकडा म्हणाला. आम्ही हसलो. मामा हसले नाहीत. त्यांनी तो नीट असलेला पट्टा पुन्हा सोडला, पुन्हा बांधला आणि म्हणाले, "बरं केलंस." त्यानंतर आमच्यात कुणी कुणाला काही दाखवलं तर आधी हे दोन शब्द यायला लागले. भांडणं नंतर, आणि भाजीवरूनच.

पुष्करला हा प्रकार कळला तेव्हा तो घाबरला. "मामा, क्लायंटनं पाहिलं तर?"

"बघू द्या की. त्यालाबी सापडली तर चहा देऊ."

या खेळात एकच गोष्ट वर्ज्य होती. निळा दोर. लाल दोरावर आपलं वजन असतं, त्यावरून आपण उतरतो. निळा नुसता शेजारून सैल चालतो, त्याला काही काम नसतं. लाल तुटला तरच तो कामाला येतो, आणि तो आला नाही तर मग काहीच नसतं. "निळ्याशी चेष्टा न्हाई," असं मामांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ती गाठही त्यांनीच शिकवली आम्हाला. आधी दोराचा आठचा आकडा करायचा, मग शेवट गच्चीतल्या लोखंडी कडीतून ओवायचा, आणि मग आला त्याच वाटेनं, वळणावर वळण ठेवत, पूर्ण गाठीतून मागे न्यायचा. "आला त्या वाटंनं घरी जाऊ द्यायचं त्याला," मामा म्हणायचे. "मधीच सोडला तर गाठ दिसती गाठीसारखी, पर नसती."

या वर्षी थंडी पडली तेव्हा आम्ही नदीकाठच्या एका इमारतीवर होतो. सकाळी नदीतून धुकं वर यायचं आणि इमारतीचे खालचे मजले त्यात बुडून जायचे. गच्चीवरून पाहिलं की शहरच नसायचं. नुसतं पांढरं, आणि त्यातून कुठे एखादी पाण्याची टाकी, कुठे क्रेनचा हात वर आलेला. अशा सकाळी मामा फार खुशीत असायचे. कठड्याला कोपर टेकून बघत राहायचे.

"तळं इथवर आलंय आज," म्हणायचे.

आता मागे वळून पाहते तेव्हा दिसतं, त्या थंडीत मामा जरा जास्तच हरवायला लागले होते. एकाच काचेसमोर लटकून राहायचे, हातातली पट्टी थांबलेली. आम्ही हाक मारली की, "आं? आलोच." एकदा मला राधा म्हणाले. राधा त्यांची मुलगी, ती लातूरला असते. एकदा इमारतीच्या दुसऱ्या बाजूच्या गच्चीवर जाऊन बादल्या मांडून बसले, आणि आम्ही शोधत गेलो तर म्हणाले, "तुम्ही कुठं गेला व्हतात?" आम्ही हसलो. तेही हसले. मामांचं असंच असतं, असं आम्ही एकमेकांना न बोलताच सांगून टाकलं. खरं म्हणजे आम्हाला त्यांची ती तंद्री आवडत होती. आमच्या कामात तेवढीच एक गोड गोष्ट होती.

आणि आणखी एक होतं. एकदा खाली पार्किंगमध्ये वॉचमननं मामांना "ए बाबा, हो बाजूला" म्हटलं. मी त्याच्याशी भांडायला निघाले होते. मामांनी मला थांबवलं. "त्याचं काय चुकलं? खाली मी बाबाच हाय. वर हाय तवर मामा." हे त्यांनी अगदी सहज सांगितलं. ते माझ्या मनात राहिलं, आणि पुढे एका सकाळी नेमकं तेच आठवलं.

त्या सकाळी धुकं गच्चीपर्यंत चढलं होतं. आम्ही एकमेकांना जरा पुसट पुसट दिसत होतो. मामांनी त्यांचे दोन्ही दोर बांधले, मधोमध येऊन हात पसरले. "बघा रे."

सुदर्शनला लगेच सापडलं. "मामा, चुकलात. डाव्या मांडीचं बक्कल."

"बरं केलंस."

थर्मास उघडला. चहाची वाफ धुक्यात मिसळली. माऊली आणि सुदर्शन एकमेकांचे पट्टे तपासून कुणाच्या तरी लग्नाबद्दल बोलत बसले. मामांची जोडी माझ्याशी. मी त्यांना तपासायचं, मग त्यांनी मला. मी चहा घेऊन त्यांचे दोर बांधलेल्या लोखंडी कड्यांकडे गेले. लाल दोराची गाठ पाहिली, ओढून पाहिली. मग निळ्या दोराची पाहिली.

गाठ होती. आठचा आकडा होता. दोर कडीतून गेला होता. पण परत फिरल्यावर जेमतेम एका वळणात शिरला होता आणि तिथेच संपला होता. पुढची वाट रिकामी होती. दोर घरी गेलाच नव्हता.

मला आधी वाटलं, ही आजची दुसरी चूक असेल, मामांनी मुद्दाम खेळ अवघड केला असेल. हे वाटणं फार वेळ टिकलं नाही. निळ्याशी चेष्टा नाही.

मामा कठड्यापासून थोडे आत उभे होते, माझ्याकडे पाठ करून. धुक्याकडे बघत होते. मला त्यांचं नुसतं हेल्मेट आणि खांदे दिसत होते, आणि ते इतके शांत दिसत होते की मला हाक मारवेना. मी खाली बसले. दोराचं टोक माझ्या हातात होतं, आणि 'वर हाय तवर मामा' हे त्यांचं बोलणं आठवत होतं. ते त्याच्या वाटेनं फिरवायला कितीसा वेळ लागणार होता? मी बांधून टाकली असती, ओढून पाहिली असती, आणि कुणाला कळलं नसतं. मामा रोजच्यासारखे दोरावर बसले असते. काचेत तळं आलं असतं. जेवताना आम्ही विचारलं असतं, आज काय आलं?

मी टोक पहिल्या वळणात थोडं पुढे सरकवलंसुद्धा.

आणि मग मला राधा म्हणून मारलेली हाक आठवली. दुसऱ्या गच्चीवरच्या बादल्या आठवल्या. थांबलेली पट्टी आठवली. हे सगळं तिघांनी पाहिलं होतं. तिघांनी पुन्हा पाहिलं होतं आणि पुन्हा मान दिला होता. मला स्वतःचा इतका राग आला की तोच आवाजात उतरला.

"मामा, चुकलात!"

सुदर्शन तिकडून म्हणाला, "ताई, झालं की ते. चहा पिऊन झाला."

"हे दुसरं आहे."

मामा वळले. त्यांच्या चेहऱ्यावर नेहमीचं, खेळातलं हसू होतं. "दुसरं न्हाई पोरी. एकच ठेवली व्हती."

मी गाठीकडे बोट केलं. टोक हातात धरून नुसती बसून राहिले. मामा जवळ आले, वाकले आणि त्यांनी गाठ पाहिली. हसू हळूहळू गेलं. ते बराच वेळ बघत राहिले, जणू गाठीनंच काही सांगावं. मग माझ्याशेजारी कडीपाशी खाली बसले आणि दोराचं टोक माझ्या हातातून स्वतःच्या हातात घेतलं.

"निळ्यावर मी..." ते म्हणाले, आणि तेवढंच म्हणाले.

माऊली धावत आला होता. त्यानं पाहिलं आणि लगेच म्हणाला, "मामा, धुकं लई हाय. दिसलं नसंल."

"माऊली," मामा म्हणाले, "धुकं सगळ्यांनाच व्हतं."

सुदर्शन थर्मासचं झाकण उगाच फिरवत राहिला. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी ते पुसलंही नाही. मला मामा फार आवडतात. माझ्या बाबांनंतर मी कुणाच्या शेजारी इतकी शांत बसलेली नाही. आणि आत्ता त्यांच्याकडून जे जाणार होतं, ते माझ्या ओरडण्यानं जाणार होतं.

"गुपचूप बांधून टाकावी वाटली का?" मामांनी विचारलं. माझ्याकडे न बघता.

"वाटली. थोडी बांधलीही."

"मग?"

"मग तुम्ही आज खाली गेला असता. आणि उद्या पुन्हा गेला असता. आणि उद्या मला दिसलं नसतं तर?"

मामांनी ते थोडं पुढे सरकलेलं टोक मागे ओढलं, गाठ पूर्ण सोडली आणि दोर सरळ केला. मग ते म्हणाले, "बरं केलंस."

रोज ऐकलेले शब्द होते. त्या दिवशी ते म्हणणं मामांना केवढ्याला पडलं, ते मला कधी मोजता येणार नाही.

ते उठले. अंगावरचे पट्टे एकेक करून सोडले. दुर्गामामी साडी घडी घालतात तशी त्यांनी त्या पट्ट्यांची घडी घातली, हेल्मेट काढून त्यावर ठेवलं. डोकं एकदम लहान दिसलं त्यांचं. "मी लिफ्टनं जातो," म्हणाले. गच्चीवर येताना ते आमच्याबरोबर सामानाच्या लिफ्टनं यायचे, पण परत मात्र नेहमी दोरावरून. माऊली त्यांच्यामागे निघाला. मामांनी हातानंच त्याला थांबवलं आणि गच्चीच्या दारातून ते धुक्यासारखेच नाहीसे झाले.

आम्ही तिघं उभे राहिलो.

"ताई, काम?" सुदर्शननं हळूच विचारलं.

"काम म्हणजे काय? काच आहे, ती पुसायची आहे," मी त्याच्यावर खेकसले. त्याचा काही दोष नव्हता. त्यानं चहाचे कप गोळा केले, आम्ही आपापल्या दोरांवर बसलो आणि कठड्यापलीकडे उतरलो.

खाली जाताना धुकं विरळ व्हायला लागलं. ऊन आलं आणि काचेत आधी पिवळा, मग निळा रंग भरला. मी पुसत होते, पण काय पुसत होते ते मला माहीत नव्हतं. ढग येत होते आणि जात होते. पुष्करला काय सांगायचं, दुर्गामामींना कोण सांगणार, उद्या सकाळी हात पसरून मधोमध कोण उभं राहणार, असले विचार येत होते. कधी कधी काहीच येत नव्हतं, नुसती पट्टी वरून खाली, वरून खाली. घार पायांखालून गेली. कुठल्यातरी मजल्यावर मनीप्लांटला कुणी पाणी घालत होतं.

मग काचेत मामा आले.

मला वाटलं, आज माझ्या काचेत हे आलंय. बाबा आले होते तसे. ढगांच्या मधोमध उभे, डोक्याला काही नाही, पांढरे केस विस्कटलेले. मी पट्टी थांबवली. पुसायचं नव्हतं मला.

पण गळ्यात पाहुण्यांना देतात ते कार्ड होतं. मागे एक सिक्युरिटीवाला ओशाळून उभा होता, आणि टेबलांवरची माणसं माना वळवून बघत होती. ते खरेच होते. लिफ्टनं खाली न जाता मधल्याच मजल्यावर उतरले होते, आणि आत जाऊ द्या म्हणून कुणाशी काय बोलले होते, देव जाणे. काचेच्या आतून, एका हाताच्या अंतरावर ते माझ्यासमोर उभे होते. इतकी वर्षं ज्या बाजूला ते कधी गेले नव्हते, त्या बाजूला.

मी हसायचा प्रयत्न केला. ते हसले नाहीत. ते मला बघत होते, पण तोंडाकडे नाही. माझ्या बुटांकडे बघितलं. मांड्यांचे पट्टे बघितले, डावा, मग उजवा. कमरेचा हूक बघितला. छातीवरचा बघितला. मग निळा दोर बघितला, डोळ्यांनी वरपर्यंत, काच संपेपर्यंत. मग हनुवटीपाशी आले आणि थांबले.

त्यांनी स्वतःच्या हनुवटीखाली हात नेला. मला कळेना. त्यांनी पुन्हा नेला, आणि ओठ हलले. आवाज नव्हता, पण शब्द मला दिसला.

"चुकलीस."

मी हात वर नेला. हेल्मेटचा पट्टा गळ्याशी सुटा लोंबत होता. हेल्मेट नुसतं डोक्यावर ठेवलेलं होतं.

मी मामांना तपासायचं, मग मामांनी मला. रोजचं असंच होतं. त्या सकाळी मी मामांना तपासलं, मामा लिफ्टकडे गेले, आणि मला बघायचं राहिलंय हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. मी अशीच गच्चीवरून इथपर्यंत आले होते, रडत, खेकसत, तंद्रीत.

मी पट्टा लावला. बक्कल वाजलं, ते मला ऐकू आलं. मग मी ओढून दाखवला. मामा अजून बघत होते, म्हणून आणखी एकदा ओढून दाखवला.

"बरं केलंत, मामा," मी म्हणाले. मोठ्यानं म्हणाले, आमच्याकडे म्हणतात तसं. शेजारच्या दोरावरून सुदर्शननं दचकून पाहिलं. काचेतून आवाज जात नाही, मला माहीत आहे.

मामांनी मान हलवली, आणि माऊली लटकला होता त्या खिडकीकडे निघाले.